मावळतीकडचा डोंगर आणि पडद्यावरचा मर्द

सह्याद्रीने मावळा घडवला, हे वाक्य आपल्याकडे कोणी तपासून बघत नाही. शाळेच्या पुस्तकात ते असतं, गडावरच्या भाषणात असतं, आणि ऐतिहासिक चित्रपटाच्या सुरुवातीला घुमणाऱ्या निवेदनात तर ते असायलाच लागतं. कडा कणखर म्हणून माणूस कणखर. पायवाट अवघड म्हणून छाती रुंद. माझ्या मते, निदान पडद्यापुरतं तरी, हे वाक्य उलटं आहे. चित्रपटात डोंगर पुरुषाला घडवत नाही. पुरुष कसा असावा हे आधी ठरतं, आणि मग त्या मापाचा डोंगर बेतला जातो. मापात न बसणारं जे काही डोंगरात असतं, म्हणजे चिखल, खाचरं, वाड्या, मोळीवाल्या बाया, चार महिन्यांचं धुकं, ते सगळं चौकटीबाहेर राहतं. उरतो तो डोंगर म्हणजे मर्दानगीचा दाखला.

हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मावळ तालुका आहे: अंदरमावळ, नाणेमावळ, पवनमावळ, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची, आणि घाटमाथ्यावरचं लोणावळं. मावळतीकडचा मुलूख तो मावळ, अशी या शब्दाची उकल सांगतात. ती धरली तर एक गंमत होते. अमेरिकेत ज्या चित्रप्रकाराला नुसतंच ‘वेस्टर्न’, म्हणजे पश्चिमेकडचा, म्हणतात त्याला मराठीत ‘मावळपट’ म्हणावं लागेल. आपला गडकोटांचा चित्रपट हा आपला मावळपट आहे. दोघांची तुलना करायची ती कोणी कोणाची नक्कल केली हे शोधायला नव्हे. भूभागातून पुरुष तयार करण्याची कारागिरी दोन्हीकडे कशी चालते, ते त्यातून दिसतं.

१. वाळवंटाचं गणित

जॉन फोर्डने ‘स्टेजकोच’ (१९३९) साठी मॉन्युमेंट व्हॅली निवडली. ॲरिझोना आणि युटा यांच्या सीमेवरची, नावाहो लोकांची ही भूमी. लाल दगडाचे सुटे सुळके आणि मध्ये मैलोन्मैल सपाटी. नंतर तो तिथे पुन्हा पुन्हा गेला. ‘द सर्चर्स’ (१९५६) ची गोष्ट टेक्ससमधली, पण पडद्यावर दिसते ती हीच दरी. नावाहो माणसांना कोमांची म्हणून उभं केलं. भूगोल उसना, माणसं उसनी. खरं ठेवलं ते फक्त प्रमाण. आभाळ एवढं, माणूस एवढासा, आणि तरी तो मागे हटत नाही.

जेन टॉम्पकिन्स यांनी ‘वेस्ट ऑफ एव्हरीथिंग’ (१९९२) या पुस्तकात या प्रमाणामागचं कारण मांडलं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बायकांच्या कादंबऱ्या घर, देवधर्म, अश्रू आणि संवाद यांनी भरलेल्या होत्या. वेस्टर्न हा त्या साऱ्याला दिलेला पुरुषी जबाब. म्हणून तो अशा ठिकाणी जातो जिथे घर उभं राहत नाही, रडायला पाणी नाही आणि बोलायला माणूस नाही. वाळवंट कोरडं, मुकं आणि कठीण; नायकही तसाच. जमीन जणू आदर्श पुरुषाचा पुतळा होते.

यातली प्रक्रिया वजाबाकीची आहे. आधी पाणी वजा, मग मूळ रहिवासी वजा (ते उरतात ते टेकडीमागून येणारं संकट म्हणून), मग बाई उंबऱ्याच्या आत आणि शेवटी भाषा वजा. जे शिल्लक राहतं त्याला आपण ‘निसर्ग’ म्हणतो आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला ‘मर्द’.

पण फोर्ड हुशार होता. ‘द सर्चर्स’च्या शेवटच्या दृश्यात कॅमेरा घराच्या आत आहे. सगळे आत येतात, जॉन वेनचा ईथन दारातच थांबतो, वळतो, चालू लागतो, आणि दार लागतं. आपण अंधारात, घरात. तो बाहेर उन्हात. ज्या भूमीने त्याला मोठं केलं तिनेच त्याला घराला मुकवलं. एका कॅमेऱ्याच्या जागेने फोर्ड आपल्याच चित्रप्रकारावर प्रश्नचिन्ह लावतो.

आता आपल्याकडचं दार आठवा. मोहिमेवर निघालेला वीर उंबऱ्याबाहेर, आई किंवा बायको औक्षणाचं ताट घेऊन आत. नजरानजर, हळद-कुंकू, एखादं वाक्य. मग तो निघतो आणि कॅमेराही त्याच्याबरोबर निघतो. दारातल्या बाईपाशी तो थांबत नाही. परततो तो बहुधा बातमी घेऊन किंवा पालखीतला देह घेऊन. कॅमेरा घरात ठेवून डोंगराकडे जाणाऱ्या पुरुषाची पाठ बघायची, ही कल्पना आपल्या गडपटाला फारशी सुचलेली दिसत नाही.

२. आडवा देश, उभा देश

दोघांत फरकही मोठा आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. वेस्टर्नचा भूभाग आडवा आहे. नायक तो पार करतो. आपला उभा आहे; नायक तो चढतो. आडव्या देशात खूण क्षितिजाची, उभ्या देशात कड्याची. क्षितिज कधी हाती लागत नाही, म्हणून वेस्टर्नचा नायक भटक्या. ‘शेन’ (१९५३) मधला बंदूकबाज शेवटी डोंगरांकडे निघून जातो. कडा मात्र सर होतो किंवा जीव घेतो. आपला नायक निघून जात नाही, धारातीर्थी पडतो.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. वेस्टर्नच्या नायकाला धनी नसतो. मावळ्याला असतो, आणि त्याची मर्दानगी त्या धन्याच्या शब्दाभोवती फिरते. एकटेपणाच्या जागी निष्ठा येते. म्हणून पाश्चात्त्य समीक्षेतले सिद्धांत उचलून जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. तिकडे डोंगर पुरुषाला समाजातून सोडवतो, इकडे तो त्याची समाजापुढे परीक्षा घेतो. राजाची नजर नेहमी त्या कड्यावर असते, राजा प्रत्यक्ष तिथे नसला तरी.

ही परीक्षा आपण किती वेळा घेतली ते बघा. बाबूराव पेंटरांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून ‘सिंहगड’ काढला १९२३ मध्ये, हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून. त्यात काम करणाऱ्या व्ही. शांतारामांनी १९३३ मध्ये स्वतः ‘सिंहगड’ केला. ओम राऊत यांचा हिंदी ‘तान्हाजी’ आला जानेवारी २०२० मध्ये, आणि दिग्पाल लांजेकरांचा ‘सुभेदार’ २०२३ मध्ये. बरोबर शंभर वर्षं आपण एकच कडा चढतो आहोत. मूकपटापासून संगणकी चित्रांपर्यंत तंत्र पार बदललं. कडा मात्र दर पिढीला आणखी उंच, आणखी उभा होत गेला. ‘तान्हाजी’तला डोंगर तर बराचसा संगणकावर रचलेला आहे. डोणागिरीचा खरा कडा सिनेमाला पुरेनासा झाला, यातच काय ते आलं. (घोरपडीचं सोडून देतो. ती बिचारी पोवाड्यातून आली आणि प्रत्येक दिग्दर्शकाला अडचणीत टाकून गेली.)

या गोष्टींचा शेवट नामकरणात होतो. घोडखिंडीची पावनखिंड होते, कोंढाण्याचा सिंहगड होतो. भूभाग पुरुषाच्या नावाचा शिलालेख बनतो. आता सिंहगड हे नाव १६७० च्या आधीच्या कागदांतही सापडतं, हे इतिहास संशोधकांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. तानाजी पडण्याआधीच गड सिंहगड होता. पण गोष्टीला ते चालत नाही, कारण डोंगराला आधीपासून स्वतःचं नाव असेल तर मग पुरुषाने त्याला दिलं काय?

नावांचा हा हव्यास इंग्रजांनाही होता. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावावर झुकलेल्या सुळक्याला गावकरी नागफणी म्हणत आले. नागाच्या फण्यासारखा तो दिसतो. साहेबाला त्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक दिसलं आणि तो झाला ‘ड्यूक्स नोज’. एकाला फणा दिसला, दुसऱ्याला आपला सेनापती. आज पर्यटकांच्या तोंडी दुसरंच नाव जास्त असतं.

३. वाकलेला मावळा

वेस्टर्नने कोरडा प्रदेश निवडला, कारण त्याला कोरडा पुरुष हवा होता. आपल्या वाट्याला आलेला प्रदेश तसा नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मावळचा डोंगर दिसतच नाही, तो ऐकू येतो. कडा पाझरतो, वाट घसरते, कपडे वाळत नाहीत, चूल धुमसते. कणखरपणाची प्रतिमा म्हणून चार महिने याचा काडीचा उपयोग नाही. मग चित्रपट काय करतो? तो उन्हाळ्यातला सह्याद्री घेतो: पिवळं गवत, काळा कातळ, स्वच्छ आभाळ. वर्षाचे जे महिने डोंगर वाळवंटाच्या सर्वांत जवळ जातो, नेमके तेच.

पाऊस आलाच तर वीराला छळायला येतो. लांजेकरांच्या ‘पावनखिंड’मध्ये (२०२२) पन्हाळ्याहून विशाळगडाकडची ती जुलै १६६० ची रात्र भरपावसातली आहे, आणि ते इतिहासाला धरूनच आहे. पण त्याच दिवसांत, त्याच पावसात, घाटमाथ्यावरच्या सगळ्या खाचरांत आणखी एक काम चालू असणार, ते गोष्टीच्या गावीही नाही. आषाढ म्हणजे भाताच्या आवणीचा महिना. ती मंडळी खिंडीत होती, तेव्हा त्यांच्या घरची आवणी कोण करत होतं?

या एका प्रश्नाने पडद्यावरच्या मावळ्याचं चित्र हलतं. सभासदाच्या बखरीप्रमाणे फौज पावसाळ्यात छावणीला परते आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडे. मावळ्यांचं पायदळ शेतकरी घरांतून आलेलं. त्यांची लढाई ऋतूशी बांधलेली होती. सीमोल्लंघन ही नुसती सोनं लुटायची रीत नव्हती, ते शेतीच्या वेळापत्रकातलं पान होतं. उरलेल्या काळात मावळचा पुरुष काय करतो ते आजही पवनमावळात जुलैत गेलं तर दिसेल. उन्हाळ्यात राब भाजलेला असतो, त्यावर दाढ तयार केलेली असते. मग चिखलणी. मग गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं किंवा आता प्लास्टिकचा कागद, कमरेत वाकून दिवसच्या दिवस रोपं खोवायची. पुरुष आणि बायका एका ओळीत, मागे सरकत. ही हालचाल कडा चढण्याच्या बरोबर उलट आहे. चढणारा वर बघतो आणि पुढे जातो. आवणी करणारा खाली बघतो आणि मागे येतो. मावळच्या भूगोलाने माणसाचं शरीर खरोखर घडवलं असेल, तर ते या वाकण्याने. पडद्यावरचा मावळा मुजऱ्यापलीकडे कुठे वाकत नाही.

वाकलेला पुरुष वगळला की त्याच्या शेजारची बाईही वगळली जाते. आणि मावळचा डोंगर बायकांच्या खुणांनी भरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरा बसली आहे. किनाऱ्यावरचे कोळी-आगरी घाट चढून तिच्या दर्शनाला येतात. म्हणजे या डोंगराची कुळदेवता, जिच्यासाठी लोक खरोखर चढण चढतात, ती बाई आहे. त्याच कार्ल्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत. समोरच्या डोंगरात भाज्याच्या शिल्पांत एक स्त्री तालवाद्य वाजवते आहे. वरच्या वाड्यांतून ठाकर आणि कातकरी बायका मोळ्या घेऊन ज्या चढ-उतारावरून रोज जातात, तो चढ-उतार ट्रेकिंगच्या पुस्तकात ‘मध्यम ते कठीण’ म्हणून नोंदलेला असतो. त्यांचं जाणं-येणं पराक्रमात धरलं जात नाही. डोंगर चढणं तेच. पुरुषाने केलं तर मोहीम, बाईने केलं तर सरपण.

४. उंबरखिंड, किंवा न दिसण्याची लढाई

कोणी म्हणेल, शेतीचं ठीक आहे, लढाईत तरी डोंगर आणि मर्दानगी यांचं नातं तुम्ही म्हणता तसं कृत्रिम नाही. मग लोणावळ्याच्या पायथ्याशीच जाऊ.

२ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला आहे. त्याचा सरदार कारतलबखान कोकण घ्यायला निघतो. बोरघाटाची रुळलेली वाट सोडून तो लोणावळ्याजवळून, नागफणीच्या बगलेने, कुरवंडे घाट उतरतो आणि खाली चावणीजवळच्या उंबरखिंडीच्या दाट रानात शिरतो. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना झाडी, फौजेची लांबच लांब रांग, पाण्याचा पत्ता नाही. पुढचं तोंड बंद होतं, मागचंही. झाडीतून बाण आणि गोळ्या येतात. मारणारे दिसत नाहीत. काही वेळातच खान शरण येतो, सामानसुमान टाकतो आणि फौजेला जायला वाट मिळते.

भूभागाने जिंकलेली याहून चोख लढाई सह्याद्रीत सापडणं कठीण. पण बघा, यात पडद्याला हवा तसा पुरुष कुठे आहे? कडा चढला जात नाही. द्वंद्व होत नाही. छातीवर वार झेलणारं कोणी नाही. इथला पराक्रम म्हणजे गप्प बसणं, झाडामागे राहणं, शत्रूला वाटेने येऊ देणं, तहान लागायची वाट बघणं आणि शेवटी सोडून देणं. रानाला पुरुषाच्या मागे उभं करण्याऐवजी पुरुषच रानाच्या मागे लपले. डोंगर ही त्यांच्यासाठी चढून जिंकायची वस्तू नव्हती. ती त्यांची जुनी ओळखीची जागा होती, आणि ओळख हीच त्यांची ताकद.

आणखी एक गोष्ट. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या प्रसंगातलं सर्वांत शहाणं बोलणं एका बाईच्या तोंडी आहे. रायबाघन ही माहूरच्या उदाराम घराण्यातली विधवा सरदारीण, मुघलांच्या बाजूने खानाबरोबर आलेली. या रानात शिरणं हीच चूक झाली, आता शरण जाण्याखेरीज वाट नाही, असं ती खानाला सुनावते, आणि तो ऐकतो. खिंडीत अडकलेल्या त्या सगळ्या फौजेत जमीन वाचता आली ती तिला. ‘सिंहगड’ शंभर वर्षांत चार वेळा आला; उंबरखिंड सिनेमाने अशी पुन्हा पुन्हा हाती घेतली नाही, याचं मला नवल वाटत नाही. तिथे डोंगर आहे, विजय आहे, महाराज आहेत, पण दाखल्यावर सही करायला कडा नाही. शिवाय जिला डोंगर समजला ती शत्रूपक्षातली बाई.

५. घाटातली विधवा

वेस्टर्नमध्ये आगगाडी आली की बंदूकबाजाचे दिवस भरतात. सर्जिओ लिओनीच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) मध्ये एका विधवेच्या वाट्याला ओसाड जमीन येते, आणि त्या जमिनीवरून रेल्वे जाणार असते. पुरुष एकमेकांना मारत राहतात. शेवटी मारणारे मरतात किंवा निघून जातात, आणि क्लॉडिया कार्डिनाले रुळांवर काम करणाऱ्या मजुरांना पाणी द्यायला जाते. वेस्टर्नने कोरड्या प्रदेशात पाणी परत आणलं ते असं.

ही झाली गोष्ट. बोरघाटात ती खरी घडली. कर्जतकडून खंडाळ्याकडे चढणाऱ्या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. पहिल्या ठेकेदाराकडून ते सुटलं आणि १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेलकडे आलं. तो इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल परत गेली नाही. तिने ठेका आपल्याकडे घेतला, दोन अनुभवी अभियंत्यांवर देखरेख सोपवली आणि काम पुरं करवून घेतलं. ऐन भरात घाटात चाळीस हजारांवर मजूर होते. पटकीने आणि तापाने हजारो मेले. १८६३ मध्ये गाडी घाट चढली.

त्या घाटाची गोष्ट आपण कोणाची म्हणून सांगतो? शिंगरोबाची. साहेबाला वाट दाखवणारा धनगर, मग साहेबाने त्यालाच मारलं, अशी कथा. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि जाणारे गाडीतून नाणं टाकतात. कथा खरी असो वा नसो, ती मला आवडते, कारण तिच्यात डोंगर जाणणारा माणूस आहे, जिंकणारा नाही. पण बोगदे खणणारे हजारो मजूर, डोक्यावरून दगडमाती वाहणाऱ्या त्यांच्यातल्या बाया आणि ठेका चालवणारी ॲलिस यांना देऊळ नाही आणि चित्रपटही नाही. हिंदी सिनेमाला इकडची रेल्वे लागली ती कशाला? ‘शोले’तल्या (१९७५) मालगाडीवरच्या मारामारीला. ती पनवेलजवळ चित्रित झाली. बाकी रामगढ कर्नाटकातल्या रामनगरच्या दगडांत वसलं, आणि तिथेही दगड बोडके बघूनच निवडले होते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला: हिरकणीचं काय? प्रसाद ओक यांचा ‘हिरकणी’ (२०१९) तर आख्खा एका बाईच्या कड्यावर उभा आहे. खरं आहे, आणि हा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो. पण अटी वाचा. हिरकणी कडा उतरते, चढत नाही. बाळासाठी उतरते, गडासाठी नाही. बाईला कडा मिळतो तो आईपणाच्या परवान्यावर. कथेचा शेवट त्याहून बोलका आहे. तान्ह्या बाळाच्या ओढीने ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला जातो. तिचा सन्मान होतो, साडीचोळी मिळते, आणि तिने शोधलेली वाट कायमची बंद होते. तानाजीच्या कड्याला आपण स्मारक केलं, हिरकणीच्या कड्याला तटबंदी.

दुसरा आक्षेप: चित्रपट म्हणजे भूगोलाचा तास नव्हे, स्फूर्तीसाठी काही गाळावंच लागतं. मान्य. गाळण्यावर माझं भांडण नाही, दरवेळी तेच गाळण्यावर आहे. शंभर वर्षं एकच गोष्ट गाळली गेली की ती नव्हतीच असं वाटू लागतं. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात मावळातला लोहगड आहे. नोंदीचं नाव ‘मराठा लष्करी भूप्रदेश’. ‘लष्करी’ हा शब्द खोटा नाही. पण लोहगडावर पाण्याची टाकी आहेत, देवळं आहेत, दर्गा आहे, पायथ्याला लोहगडवाडी नांदते आहे. लष्करी या एका शब्दाखाली हे सगळं जाऊन बसलं, आणि कोणालाच ते खटकलं नाही. चित्रपटाने आपली नजर तशी आधीच तयार करून ठेवली होती.

तिसरा आक्षेप पुरुषांकडून येतो आणि त्यात दुखावलेपण असतं: आमच्याकडे अभिमानाला उरलंच काय आहे, तेही तुम्ही काढून घेता? याचं उत्तर सिद्धांताने देता येत नाही. ते जमिनीच्या व्यवहारात आहे.

७. जमीन गेल्यावर

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) गडपट नाही, पण माझ्या मते मावळपट या नावाला तोच सर्वांत जास्त पात्र आहे. जमीन विकून बसलेला शेतकरी बाप, आणि त्या विकण्याची लाज अंगात घेऊन गुन्हेगारीत शिरणारा मुलगा. वेस्टर्नचा शेवटही असाच व्हायचा: तारेचं कुंपण आलं, सातबारा झाला, बंदूकबाज निरुपयोगी झाला. तरडे यांच्या चित्रपटात डोंगर मागे कुठे तरी असतो, पण त्याचा दाखला चालत नाही. पुढे असतात प्लॉट, फाटे, गाड्या, गळ्यातल्या साखळ्या. वाकण्याची जागा गेली आणि कडा चढण्याचं कारण नाही, असा पुरुष त्यात दिसतो. चित्रपट त्याच्या हिंसेवर कधी कधी भाळतो, हे खरं. हिंदीत ‘अंतिम’ (२०२१) झाला तेव्हा भाळणंच अधिक उरलं.

मुळशीला हे नवीन नव्हतं. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. सत्याग्रहींना ‘मावळे’ म्हटलं गेलं. त्या मावळ्यांत बायका होत्या, आणि ते लढत होते ते आपल्या भातखाचरांसाठी. शब्दाचा अर्थ एवढा रुंद झाला होता. पुढच्या शंभर वर्षांत तो पुन्हा अरुंद झाला; आज तो जीपच्या मागच्या काचेवर, दाढी आणि चंद्रकोरीसकट, चिकटवलेला दिसतो. शनिवारी लोणावळ्याला येणाऱ्या गर्दीत तरुण मुलगा कड्याच्या टोकाशी उभा राहतो, मित्र खालून मोबाइल धरतो, मंद गतीत वारा, ढोलाचा आवाज. खालून वर बघणारा हा कोन गडपटाचाच. त्या मुलाच्या घरची जमीन कुठल्या फार्महाऊसखाली आहे, हे त्या चौकटीत येत नाही. अभिमानाला काय उरलं, हा प्रश्न त्याने कड्याला विचारण्यात अर्थ नाही. तो खाली, तलाठ्याच्या कार्यालयात विचारायला हवा.

मावळात तो विचारलाही गेला होता. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, तेव्हा शेतकरी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, बऊरजवळ जमले. ९ ऑगस्ट २०११ चा दिवस. पाऊसकाळ होता, आवणी उरकत आली होती. तिथे कडा नव्हता, खिंड नव्हती. सपाट सहापदरी रस्ता होता. पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. त्या तिघांत एक बाई होती.